लंकेचा जिना आणि पुखरायांच्या विहीणबाई

कालपी, जिल्हा जालौन
खरमासातला गुरुवार

पूजनीय पंडित रामसनेहीजी दुबे यांना कालपीहून कुंजबिहारी सक्सेनाचा साष्टांग नमस्कार. (एका बाकावर बसून आपण एकाच छडीचा मार खाल्लेला असला, तरी आज तुम्ही उरईतले नावाजलेले पुरोहित आणि माझ्या मुलीच्या स्थळाचे मध्यस्थ आहात, तेव्हा हा नमस्कार मुकाट्याने घ्या.) तुमच्या गुडघ्याला महुआच्या तेलाने उतार पडला का? वहिनींचा दमा या थंडीत कसा आहे? नातवाने तुमच्या चष्म्याची काडी मोडली होती ती बसवून घेतलीत, की अजून दोऱ्यावरच भागवता? इकडे मी ठीक आहे, मृदुला ठीक आहे, यमुनामाई ठीक आहे. बाकी काहीही ठीक नाही. 

यमुनेपलीकडे पुखरायांहून, मुलाच्या घरून, काही निरोप माझ्या पत्राआधी तुमच्याकडे पोचला असेल, तर त्यावर एकदम विश्वास ठेवू नका. मास्टरने होणाऱ्या जावयाला मुलीचा भाऊ करून परत पाठवलं, असं काहीबाही तुमच्या कानावर आलं असेल. साफ खोटं. मी काही केलं नाही. जे केलं ते त्या बाईंनी केलं, तुमच्या विंध्येश्वरीदेवींनी, ज्यांचं वर्णन करताना तुम्ही शांत, अबोल आणि देवभोळ्या असे तीन शब्द वापरले होते. पंडितजी, त्यातला तिसरा तेवढा खरा निघाला. पहिल्या दोन शब्दांबद्दल तुम्हाला प्रायश्चित्त घ्यावं लागेल.

तर ठरल्याप्रमाणे रविवारी सकाळच्या बसमधून त्या आणि चिरंजीव अखिल असे दोघंच उतरले. (खरमासात लग्नाची बोलणी करायची नसतात, म्हणून 'आम्ही आपले कालपी बघायला आलो' असं म्हणायचं, ही पळवाट तुमचीच.) मुलगा मला बघताक्षणी आवडला. मोजकं बोलतो, समोरच्याचं पुरतं ऐकून घेतो आणि चहा बशीत न ओतता पितो. मृदुलाने मटारची घुगरी आणून ठेवली, दोघांनी एकमेकांकडे एकदा बघितलं, मग एकदम दुसरीकडेच बघायला लागली, आणि मी ओळखलं की काम झालं. तिची आई गेल्यापासून मी याच घटकेची वाट बघत होतो. आधीची दोन स्थळं कशी मोडली ते तुम्ही जाणताच (एक हुंड्यापायी, एक माझ्या तोंडापायी). मृदुला त्याबद्दल कधी चकार शब्द बोलली नाही, आणि तेच मला जास्त टोचतं. हेही हातचं गेलं तर पोरीला काय तोंड दाखवू, हा एकच घोर मला लागलेला. म्हणून पहाटेच स्वतःला बजावलं होतं, की कुंजबिहारी, आज आपल्या जिल्ह्याविषयी अवाक्षर काढायचं नाही.

काढलं. काय करणार! उभा जन्म इंटर कॉलेजात भूगोल शिकवण्यात गेला, तोंडाला वळणच ते. मी म्हटलं, बघा विहीणबाई, आमचा जिल्हा म्हणजे कसा, उत्तरेला यमुना, दक्षिणेला बेतवा, पश्चिमेला पहूज, तिन्ही अंगांनी नद्यांनी राखलेला. नाव जालौनचं, कचेऱ्या उरईत आणि अक्कल कालपीत. या वाक्यावर आजवर एकाही पाहुण्याने तोंड उघडलेलं नाही. ही बाई घुगरीचा चमचा खाली ठेवून म्हणते, "मास्टरसाहेब, तुमच्या उत्तरेला म्हणजे आमच्या दक्षिणेला. नदी एकच. तुम्ही तिला राखणीला बसवलीत, आम्ही तिच्यात म्हशी धुतो." पंडितजी, मी सर्द झालो. घाईघाईने विषय जमिनीवर आणला. आमची काळी माती, त्यात पिकणारा हरभरा, मसूर, ट्रकच्या ट्रक भरून बाहेर जाणारा आमचा मटार, सगळं सांगितलं. त्यावर, "पिकतं तुमच्याकडे, पण भरडायला येतं आमच्या गिरणीत. तुमच्या मसुरात खडे किती निघतात ते मला विचारा!" (यजमान वारल्यापासून डाळीची गिरणी त्या एकट्या चालवतात, हे तुम्ही मला सांगितलंच नव्हतं. का नाही सांगितलं?) इतकी वर्षं वर्गात मी बोलायचो आणि पोरं झोपायची. उलट उत्तर येतं तेव्हा मास्टरने काय करायचं असतं, हे मला कुणी शिकवलेलंच नाही.

मग आम्ही बाहेर पडलो. हातकागदाच्या कारखान्यात नेलं. लगदा, चाळणी, दाबयंत्र, दोरीवर वाळत घातलेले ताव, सगळं दाखवलं. त्यांनी एका ओल्या तावाला अलगद बोट लावलं आणि विचारलं, यावर लिहिलेलं किती टिकतं? मी म्हटलं, दोन-तीन पिढ्या सहज. त्या म्हणाल्या, मग माणसाने जपून लिहायला हवं. व्यासांच्या देवळात नेलं आणि सांगितलं, की महामुनींचा जन्म इथलाच असं आम्ही मानतो. त्या म्हणाल्या, "म्हणजे लांबण लावायची खोड या गावाला जुनीच!" अखिल खोकल्याचं निमित्त करून तिकडे वळला. मृदुला तर उघड उघड हसली. माझ्या मुलीने माझ्या देखत! किल्ल्याच्या पडक्या भिंतीपाशी मात्र मी झाशीच्या राणीसाहेब आणि तात्या इथून इंग्रजांशी कसे लढले ते सांगत होतो, तेव्हा त्यांनी पदर डोक्यावरून नीट ओढून घेतला आणि एक शब्द बोलल्या नाहीत. (त्या गप्प बसल्या की बोलताना मला जास्त अडखळायला होतं, हेही त्याच दिवशी लक्षात आलं.)

आता लंका. पंडितजी, लंकेवर न्यायची कल्पना माझी होती, हे मी कबूल करतो. तेवढाच माझा गुन्हा. तुम्हाला तो मनोरा काय सांगायचा! ज्या वकीलसाहेबांनी हौसेने रामलीलेत रावण केला, त्यांनी रावणासाठी उभारलेली ती लंका. खाली कुंभकर्णाचा पुतळा आडवा पसरलेला, आणि समोर आम्हा कायस्थांचे मूळपुरुष चित्रगुप्त महाराज हातात लेखणी घेऊन बसलेले. वर जायच्या जिन्याचे सात फेरे, म्हणून भाऊ-बहिणीने जोडीने वर जायचं नाही, गेली तर सात फेऱ्यांनी नवरा-बायको होतात, हेही कालपीत पाळण्यातल्या पोराला ठाऊक. दाराशी मुन्नीलाल मफलर गुंडाळून, काठी घेऊन बसतो आणि जोडी दिसली की विचारतो. आमची जोडी काही भावा-बहिणीची नव्हती. मी निर्धास्त होतो. मृदुला आणि अखिल पुढे गेले, मुन्नीलालने तोंड उघडलं, मृदुलाने पहिल्या पायरीवर पाऊल उचललं.

आणि तेवढ्यात विहीणबाईंच्या डोक्यात वीज चमकली. सात फेरे! म्हणजे लग्नच की! तेही खरमासात, ना अग्नी, ना ब्राह्मण, ना वरात! आता नुसतं 'थांबा' म्हटलं असतं तरी पोरं थांबली असती. 'पाय मुरगळेल' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण नाही. त्या देवभोळ्या बाई हात उंचावून केवढ्याने तरी ओरडल्या, "अरे, अडव त्यांना! भाऊ-बहीण आहेत ती!"

मुन्नीलालने काठी आडवी घातली. मृदुलाचं पाऊल तसंच अधांतरी राहिलं. अखिल आपल्या आईकडे असा बघत होता, की जणू आपण दत्तक असल्याचं त्याला आजच कळलंय. माझी तर वाचाच बसली. (तुम्ही हसाल, पण बसली, मृदुला साक्षीला आहे.) आणि मग विहीणबाई सहज वळल्या आणि त्यांना दिसलं, की आपण हे कुणासमोर बोललो. चित्रगुप्त महाराज थेट समोर. लेखणी हातात. बाईंचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. त्या कुंभकर्णाशेजारच्या कट्ट्यावर मटकन बसल्या आणि अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "मास्टरसाहेब, लिहिलं असेल हो त्यांनी!" मी म्हटलं, बहुतेक. (नाही म्हणायला हवं होतं. पण कायस्थाच्या पोटी जन्मलेला मी, चित्रगुप्ताच्या कामात दिरंगाई असते असं कुठल्या तोंडाने म्हणू?)

झालं. बाई हटूनच बसल्या. म्हणाल्या, दरवर्षी यमद्वितीयेला मी दौत-लेखणी पूजते, आयुष्यात त्यांच्यासमोर खोटं बोललेले नाही. आता एक तर मी खोटी, नाही तर ही दोघं भाऊ-बहीण. आणि मी काही खोटी नाही. तेव्हा हे लग्न होणे नाही. पंडितजी, माझ्या पायाखालची जमीन सरकली. सकाळी जुळलेलं स्थळ, दोन्ही मुलांच्या मनात भरलेलं, ना हुंड्याचा प्रश्न ना पत्रिकेचा, आणि ते मोडलं कशाने, तर वराच्या आईच्या सत्यनिष्ठेने! मी हात जोडले. मुन्नीलालनेही जोडले, का ते त्याचं त्याला ठाऊक. तेवढ्यात आमची मृदुला, जी घरात मान वर करून बोलत नाही असं मी जगाला सांगत आलो, ती पुढे होऊन म्हणाली, "अम्माजी, यात एवढं काय? भाऊ-बहीण वर गेली तर नवरा-बायको होतात, हीच भीती ना? मग जाऊ द्या की आम्हाला वर!"

मी तिच्याकडे बघतच राहिलो. हे माझं रक्त? विहीणबाई म्हणाल्या, आणि उतरताना फेरे उलटे पडतील त्याचं काय? मृदुला म्हणाली, मग आम्ही उतरणारच नाही. मुन्नीलाल म्हणाला, मला दार बंद करून घरी जायचं असतं, बाईसाहेब. विहीणबाई त्याच्यावर उखडल्या, मी विहीणबाईंवर उखडलो, मुन्नीलाल माझ्यावर उखडला, आणि या धांदलीत त्याचा मफलर सुटला. तो गुंडाळायला त्याने काठी खाली ठेवली मात्र, पोरं पसार! जिन्यात नुसते पावलांचे आवाज. मग कितीतरी वरून मृदुलाची हाक आली, की बाबूजी, इथून आपलं घर दिसतंय! एखादी मुलगी आपल्याच लग्नातून इतक्या आनंदाने हाक मारते का हो?

बाई ताडकन उठल्या. म्हणाल्या, चला, दोघांना खाली ओढून आणू, तुमची पण मुलगी आहे. आम्ही दाराशी गेलो. मुन्नीलाल एकदा फसला होता, आता तो काठी दोन्ही हातांनी धरून उभा राहिला आणि आम्हा दोघांना त्याने सरळ तोंडावर विचारलं, "तुम्ही भाऊ-बहीण का?"

पंडितजी, मी काही बोललो नाही. त्याही काही बोलल्या नाहीत. मुन्नीलालने थोडा वेळ वाट बघितली आणि काठी बाजूला केली.

जिना अरुंद आणि अंधारा, ते तुम्हाला माहीतच आहे. त्या पुढे, मी मागे. तीन फेरे झाले आणि चौथ्याच्या मध्यावर त्यांना धाप लागली. तिथे एक झरोका आहे, त्याच्याशी त्या पायरीवर टेकल्या. मी खालच्या पायरीवर उभा. त्यांनी बाहेर बघून विचारलं, तो पूल कुठला? मी सांगितलं. नदीच्या मधोमध ती वाळू कसली? मी सांगितलं. मग बेतवा कुठल्या बाजूला, पहूज कुठे, पाच नद्या एकत्र येतात ते पंचनदा इथून किती लांब, असं त्या विचारत गेल्या आणि मी सांगत गेलो. त्यांनी एकदाही टोमणा मारला नाही. शेवटी पलीकडच्या धुक्याकडे बघत म्हणाल्या, "इकडून बघितलं की आमचा किनारा बरा दिसतो. तिथे राहून कधी कळलं नाही." आपण इथे कशाला आलो, हे मी साफ विसरलो होतो. ती आठवण दोन्ही मुलांनी उतरता उतरता आमच्यावर आदळून करून दिली. अखिल म्हणाला, अम्मा, तुम्ही दोघं इथे अंधारात काय करताय? त्या पदर सावरून उठल्या. सगळे खाली आलो.

मुलांचे सात फेरे वर जाताना चढले आणि येताना उतरले, तेव्हा जमाखर्च शून्य, यावर सगळ्यांचं एकमत झालं. पण चित्रगुप्तासमोरचं ते वाक्य तसंच राहिलं. संध्याकाळी बसच्या पायरीवर एक पाय ठेवून, दुसरीकडे बघत, विहीणबाईंनीच तोड सुचवली. म्हणाल्या, त्या दाराशी कुठली तरी भाऊ-बहिणीची जोडी उभी होती असं ठरलं म्हणजे माझं वचन खोटं पडत नाही. मी तुम्हाला तिथेच, महाराजांसमोर, राखी बांधते. मी तुमच्या-माझ्याविषयी बोलले होते असं त्यांना सांगू. मग मुलं मोकळी. मात्र दुबेजी शास्त्र बघून हो म्हणाले तरच. मी लगेच हो म्हटलं. बस निघून गेली. मृदुला माझा हात घट्ट धरून उभी होती आणि रडत होती. आनंदाने रडतेय असं म्हणाली.

तेव्हा पंडितजी, कृपा करून या राखीला शास्त्राधार शोधा आणि पुखरायांना ताबडतोब तसं कळवा. पोरीचं सगळं तुमच्या एका होकारावर अडलंय. सध्या ती सकाळ-संध्याकाळ विचारते, पत्र लिहून झालं का. वहिनींना नमस्कार, नातवाला पाठीवर एक प्रेमाची थाप. जिवात जीव आला की सविस्तर बोलू. आत्ता एवढंच जमलं.

तुमचा, अजून धक्क्यातून न सावरलेला,
कुंजबिहारी

ता. क. : मागाहून कालपीची खडीसाखर पाठवतो आहे. एक शंका सहज मनात आली, निव्वळ ज्ञानासाठी विचारतो. सात फेरे झाले तर लग्न होतं. साडेतीन झाले तर त्याला शास्त्रात काय म्हणतात? काही म्हणतच नसतील असं नाही.

आणखी एक ता. क. : राखीखेरीज दुसरा काही उपाय ग्रंथांत निघतो का, तेही बघा. दान, उपास, ब्राह्मणभोजन, यमुनेत कमरेइतक्या पाण्यात उभं राहून जप, काहीही सांगा, पौषातल्या थंडीतही मी उभा राहीन. घाईने राखीवर येऊ नका. (बस सुटताना विहीणबाईंनी खिडकीतून मान बाहेर काढून सांगितलं होतं, की दुबेजींना दुसरं काही सुचलं तर तेही चालेल. वर लिहायचं राहून गेलं.) कारण विचारू नका. या वयात असलं काही माझ्या मनात येईल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. तुम्हाला जेवढा धक्का बसला असेल, त्याच्या दुप्पट मला बसलाय.

शेवटची ता. क. : पत्र टाकायला निघालो होतो, पेटीपाशी पोचलोही, आणि तिथं डोक्यात प्रकाश पडला. राखी न बांधता पुढे जे काही व्हायचं ते उद्या झालंच, तर मृदुला आणि अखिल खरोखरीचीच भाऊ-बहीण होतील आणि बाईंचं वाक्य अक्षरशः खरं ठरेल! मी तसाच घरी परतलो. मृदुला दारात उभी होती. काही विचारलं नाही, फक्त माझ्या हातात पाकीट अजून आहे हे बघितलं आणि तिचं तोंड एवढंसं झालं.

तेव्हा वरची ता. क. रद्द समजा. राखीच कळवा, शास्त्राधार मिळाला नाही तर तुमच्या पदरचा घाला. लग्न फाल्गुनात धरा. राखीचा मुहूर्त मात्र लग्नाच्या आदल्या संध्याकाळचा काढा, त्याआधी एकही दिवस शुद्ध नाही असं बजावून लिहा. तोवर याद्या, साड्या, वरातीची उतरण्याची सोय, यासाठी विहीणबाईंना दोन-तीनदा तरी इकडे यावंच लागेल. इथला जुना चौरासी गुंबद त्यांनी अजून पाहिलेला नाही.